ओतीव, घडीव, कोरीव

धातूच्या जुन्या वस्तूंबद्दल लिहिताना मराठीत आपण एका शब्दाला फार राबवून घेतो. तो शब्द म्हणजे ‘कोरलेला’. तोफेवर लेख कोरलेला असतो, घंटेवर सन कोरलेला असतो, मुखवट्यावर डोळे कोरलेले असतात, तलवारीच्या मुठीवर सोन्याची वेल कोरलेली असते. किल्ल्यांवरचे फलक, देवस्थानांच्या पुस्तिका, रविवारच्या पुरवण्या, सगळीकडे हाच शब्द. प्रत्यक्षात यातल्या कित्येक ठिकाणी कोणी काही कोरलेलं नसतं. कुठे रस ओतलेला असतो, कुठे पत्रा मागून ठोकलेला असतो, कुठे एका धातूत दुसरा बसवलेला असतो.

जुन्या वस्तूंच्या मराठी नोंदी लिहिणं हे माझं काम. वस्तू काय आहे, कशाची आहे, केवढी आहे हे रकाने भराभर भरतात. ‘कशी केली’ या रकान्यापाशी लेखणी अडते. बरेच जण तिथे ‘सुंदर नक्षीकाम’ असं लिहून पुढे जातात. वाचणाऱ्याला वाटतं, काय फरक पडतो? शब्दाचा कीस कशाला काढायचा? माझं म्हणणं असं की, तंत्राचा शब्द हा नुसता वर्णनाचा शब्द नसतो. वस्तूवर कोणती गोष्ट आधी झाली, कोणती नंतर, आणि ती कोणाच्या हातून झाली, याबद्दलचं ते एक विधान असतं. शब्द चुकला की इतिहास चुकतो.

हे सांगायला दिघीच्या आसपासचा किनारा सोयीचा आहे. श्रीवर्धन तालुक्यातलं हे बंदर राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. पलीकडे आगरदांडा, मध्ये गाड्या नेणारी फेरीबोट, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात बसलेला जंजिरा. खाली दक्षिणेकडे दिवेआगर. म्हणजे एका हाताला तोफांचा किल्ला आणि दुसऱ्या हाताला ताम्रपटाचं आणि सोन्याच्या गणपतीचं गाव. धातूकामाचे निम्मेअधिक शब्द या एवढ्याशा पट्ट्यात लागतात.

आधी भाषेकडे बघू. मराठीने या बाबतीत आपल्याला एक फार चांगलं हत्यार दिलेलं आहे, आणि आपण ते गंजू दिलं आहे. ते म्हणजे शेवटी ‘-ईव’ असलेली विशेषणं: ओतीव, घडीव, कोरीव, ठोकीव, जडीव, मढीव. ही सगळी क्रियापदांतून आलेली आहेत. ओतीव म्हणजे वितळवून साच्यात ओतलेलं. घडीव म्हणजे तापवून, घणाखाली घालून आकाराला आणलेलं. कोरीव म्हणजे हत्याराने धातू काढून टाकून केलेलं. ठोकीव म्हणजे धातू काढून न टाकता नुसता सरकवून, फुगवून, दाबून केलेलं. जडीव म्हणजे एकात दुसरं बसवलेलं, मढीव म्हणजे एकावर दुसरं चढवलेलं. प्रत्येक शब्दात एक हात आहे आणि हाताची एक हालचाल आहे.

दुसरी रांग ‘-दार’ची: नक्षीदार, जाळीदार, उठावदार, वेलबुट्टीदार. हे शब्द डोळ्याला काय दिसतं ते सांगतात. त्यांचीही गरज आहे. पण डोळ्याचा शब्द हाताच्या शब्दाच्या जागी बसला की गफलत होते. ‘उठावदार अक्षरं’ म्हटल्यावर अक्षरं वर आलेली आहेत एवढंच कळतं. ती साच्यातून वर आली, मागून ठोकल्यामुळे वर आली, की आजूबाजूचा धातू तासून काढल्यामुळे वर राहिली, हे कळत नाही. या तीन शक्यता म्हणजे तीन वेगवेगळे कारागीर, आणि कदाचित तीन वेगवेगळी शतकं.

जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशी भिंतीत एक शिल्प आहे. सिंहासारखा एक प्राणी, त्याच्या पंजांत आणि शेपटीत पकडलेले हत्ती. हे दगडातलं काम, म्हणजे ते कोरीवच असणार. दगड वितळवून ओतता येत नाही आणि मागून ठोकून फुगवता येत नाही. तो फक्त कमी करत जाता येतो. दगडापुरता ‘कोरलेला’ हा शब्द बिनधोक आहे. माझा तर्क असा की, महाराष्ट्राची जुनी कला आपल्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने दगडात उभी असल्यामुळेच तो शब्द तिथून धातूवर घसरला असावा.

हत्तीला धरणारं असंच एक जनावर धातूतही आहे. ते विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेच्या तोंडावर आहे. जबडा वासलेला आणि दातांमध्ये हत्ती. ही तोफ १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, अहमदनगरला मुहंमद बिन हसन रूमी याने ओतली. विजापूरला ती बऱ्याच नंतर गेली. जंजिराही त्या काळात निजामशाहीच्याच मुलखातला. कल्पना एकाच जातीची, पण करण्याची रीत अगदी उलटी. जंजिऱ्याच्या पाथरवटाने नको तेवढा दगड काढून टाकला आणि जनावर उरलं. रूमीने आधी जनावराच्या आकाराची पोकळी तयार केली आणि मग ती कांशाने भरली. पाथरवटाची चूक झाली तर एखादा पंजा तुटणार. ओतणाऱ्याची चूक झाली, साचा ओला राहिला किंवा रस मध्येच थिजला, तर सगळी तोफच वाया जाणार. दोघांनाही ‘शिल्प कोरणारा’ म्हटलं की ही जोखीम पुसली जाते, आणि तिच्याबरोबर ओताऱ्याचं कसबही पुसलं जातं.

याच तोफेवर माझ्या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. तिच्यावर रूमीचं नाव आहे, निजामशहाचं नाव आणि हिजरी सन ९५६ आहे. आणि औरंगजेबाचाही लेख आहे, विजापूर जिंकून तोफ ताब्यात घेतल्याचा. विजापूर पडलं १६८६ मध्ये. म्हणजे ओतकाम आणि हा लेख यांत १३७ वर्षांचं अंतर. तेव्हा बादशहाच्या लेखातली अक्षरं खोल असोत की उठावाची, ती तोफेबरोबर साच्यातून आलेली असूच शकत नाहीत. ती थंड धातूवर छिन्नीने केलेली असणार. अक्षरांभोवतालची जमीन तासली की अक्षरं वर राहतात, त्यामुळे उठाव दिसला म्हणजे ओतकामच, असं म्हणता येत नाही. एकाच तोफेवरच्या सगळ्या लेखांना सरसकट ‘कोरलेले’ म्हटलं की करणारा आणि जिंकणारा एका ओळीत येऊन बसतात. ‘कोरलेला’ हा शब्द जिंकणाऱ्यासाठी राखून ठेवला आणि करणाऱ्याच्या अक्षरांना ‘ओतीव’ म्हटलं, तर तोफेचे दोन जन्म वाक्यातच वेगळे दिसतात.

मग पाहणाऱ्याने ओळखायचं कसं? साच्यातून आलेल्या अक्षराची कड थोडी बोथट असते. ते अक्षर आणि जमीन यांच्यामधला कोपरा गोलसर असतो, आणि साच्याच्या मातीचा कण जमिनीवर आणि अक्षरावर सारखाच उमटलेला दिसतो. छिन्नीच्या अक्षराची कड करकरीत असते, रेघेच्या टोकाला हत्यार उचलल्याची खूण असते, आणि ओतकामाची साय फोडून ते आत गेलेलं असतं. अर्थात ओतून झाल्यावरही छिन्नीने साफसफाई करतात. त्यामुळे एकच खूण पाहून निकाल देऊ नये.

तोफांवरची आणखी एक गोष्ट हा फरक शिकवते. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या तोफांवर राजचिन्ह बहुधा उठावाचं, म्हणजे साच्यातून आलेलं असतं. त्याच तोफेवर तीन आकडे मात्र खोल घातलेले असतात. समजा, ९-२-१४. पाहणारे त्यावरून तारखेचा तर्क करत बसतात. ती तारीख नसते, वजन असतं: ९ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १४ पौंड. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड आणि क्वार्टर म्हणजे २८, तेव्हा हे होतात १०७८ पौंड, म्हणजे ४८९ किलोच्या आसपास. हे आकडे साच्यात का नाहीत? कारण तोफ ओतून, साफ करून, नळी पाडून काट्यावर चढवल्याशिवाय तिचं वजन कोणालाच माहीत नसतं. राजाचं नाव आधी माहीत असतं, वजन नंतर कळतं. ओतीव खूण आणि कोरीव खूण यांच्यातला हा आधी-नंतरचा संबंध ध्यानात आला की आकडे तारखेसारखे दिसेनासे होतात.

जंजिऱ्यावर सगळ्यांत जास्त फोटो निघतात ते कलालबांगडी तोफेचे. तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ती पंचधातूची आहे, आणि तिच्या नावात बांगडी आहे. हे दोन्ही शब्द तपासून घेण्यासारखे आहेत.

पंचधातू हा मानाचा शब्द आहे. पाच धातू कोणते, याच्या याद्या ठिकाणागणिक बदलतात. सोनं, चांदी, तांबं बहुतेक यादीत असतात, उरलेल्या जागी जस्त, कथील, शिसं किंवा लोखंड येतं. तोफेचं कांसं म्हणजे साधारणपणे नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील. घंटेच्या कांशात कथील याच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून घंटा वाजते चांगली पण आघाताने तडकते. धातूत काय आहे हे तपासणीने ठरतं. लोकांनी वस्तूला दिलेला मान तपासणीत सापडत नाही. मी नोंदीत दोन्हीला जागा ठेवतो: ‘स्थानिक सांगणं: पंचधातू’ ही एक ओळ आणि ‘धातू: तपासणी झालेली नाही’ ही दुसरी. पहिली ओळ खोडायची नाही, कारण लोक वस्तूला काय मानतात हाही इतिहासच आहे. पण पहिली ओळ दुसरीच्या जागी बसवायची नाही.

बांगडी हा शब्द आकाराचा आहे, रीतीचा नाही. तोफेच्या अंगावर गोल पट्टे दिसले तर ते साच्यातूनच उठावाने आलेले असू शकतात, नुसत्या शोभेसाठी. किंवा ती तोफ घडीव असू शकते. घडीव तोफ करताना लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या शेजारी शेजारी लावतात आणि त्यांवर लाल तापलेली कडी चढवतात. कडी थंड होताना आक्रसतात आणि पट्ट्यांना आवळून धरतात. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्याने पाहिलं असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या प्रकारात बांगडी हा दागिना आहे, दुसऱ्या प्रकारात ती काढली तर तोफ उरतच नाही. तेव्हा ‘बांगड्या असलेली तोफ’ एवढं लिहून भागत नाही. ‘ओतीव, अंगावर उठावाचे पट्टे’ किंवा ‘घडीव, कडी चढवलेली’ असं लिहिलं तरच वाचणाऱ्याला काही कळतं.

तोफेनंतर घंटा, कारण दोन्ही ओतणाऱ्यांच्याच घरच्या. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हा सन आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ आणि बाळाला घेतलेली मेरी. युरोपात अशा घंटा करण्याची रीत चांगली माहीत आहे, बिरिंगुच्चो या इटालियन धातुकाराच्या १५४० सालच्या ग्रंथात ती सविस्तर दिलेली आहे. आधी मातीची खोटी घंटा करायची. तिच्यावर मेणाची अक्षरं, मेणाचा क्रूस, मेणाच्या आकृत्या चिकटवायच्या. वरून मातीचे थर द्यायचे आणि तापवायचं. मेण वितळून जातं आणि बाहेरच्या साच्याच्या आतल्या अंगाला त्यांचे ठसे राहतात. मग खोटी घंटा काढून तिच्या जागी खरा रस ओतायचा.

म्हणजे या रीतीने आलेला सन हा घंटेचा जन्मसन असतो. तो घंटा तयार होण्याआधीच मेणात लिहिलेला होता. नंतर कोरलेला सन मात्र कशाचाही असू शकतो: अर्पणाचा, दुरुस्तीचा, लुटीचा. ‘घंटेवर १७२९ हा सन कोरलेला आहे’ हे वाक्य वाचून एखादा विचारेल की वसई तर १७३९ मध्ये पडली, मग हा सन कोणी आणि का घातला? ‘घंटेवर १७२९ हा ओतीव सन आहे’ असं म्हटलं की प्रश्नच उरत नाही. ती घंटा चर्चसाठी झाली, दहा वर्षांनी वसई पडली आणि ती देवळात आली. एका विशेषणात एवढी मोठी गोष्ट मावते.

इथवर धातू एकच होता. दोन धातू एकत्र आले की शब्दांची खरी परीक्षा सुरू होते, आणि इथे गोंधळाला इंग्रजीचाही हातभार लागलेला आहे. मुंबईशी जवळचा संबंध असलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०च्या ‘दि इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात कोफ्तगिरी आणि बिदरी दोन्ही ‘डमॅसिनिंग’ या एका मथळ्याखाली घेतल्या. हा शब्द दमास्कस शहरावरून आलेला. पण दमास्कसच्याच नावाने ओळखलं जाणारं पोलाद ही वेगळीच चीज. त्याच्या पात्यावर जी लहरींची नक्षी दिसते ती पोलादाच्या पोटातलीच असते, वरून काही जडवलेलं नसतं. एका शहराचं नाव दोन तंत्रांना चिकटलं, आणि मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी त्या सगळ्यालाच ‘जडावकाम’ म्हणून टाकलं.

कोफ्तगिरीत लोखंडाचा पृष्ठभाग बारीक आडव्या-तिरप्या रेघांनी खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. सोनं खड्ड्यात नसतं, खरबरीतपणाला धरून वर बसलेलं असतं. म्हणून जुन्या मुठीवरचं कोफ्तगिरीचं सोनं घासून जातं आणि खाली जाळीसारखे ओरखडे दिसू लागतात. कोफ्त या फारसी शब्दाच्या मुळाशी ठोकणं, कुटणं आहे. ताटातला कोफ्ताही तिथलाच, कुटलेल्या खिम्याचा. शब्दाने स्वतःच सांगितलं आहे की हे काम कोरण्याचं नाही, ठोकण्याचं आहे.

बिदरीचं वेगळं. बीदर म्हणजे आपल्याला लागून असलेला, मराठी बोलणारी अनेक गावं पोटात असलेला जिल्हा. तिथलं भांडं आधी ओततात, जस्तात थोडं तांबं घालून. मग मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरतं काळं करतात, म्हणजे नक्षीच्या रेघा दिसतात. त्या रेघांवर छिन्नीने खरोखर कोरतात. कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा चांदीच्या पत्र्याचे कापलेले तुकडे ठोकून बसवतात आणि घासून सपाट करतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप. जस्त कायमचं काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. म्हणजे एकच भांडं ओतीव आहे, कोरीव आहे आणि जडीवही आहे, आणि त्याच क्रमाने. त्याला ‘चांदीचा मुलामा दिलेलं’ म्हणणं चूक, आणि ‘मीनाकारी’ म्हणणं तर त्याहून चूक. मीना म्हणजे काचेची रंगीत पूड भट्टीत धातूवर वितळवून बसवणं. बिदरीत काचेचा कणही नसतो.

मग सरळ कारागिराचा शब्दच वापरावा, असं वाटेल. पण तोही नेहमी पुरत नाही. बीदरमध्ये तारकशी म्हणजे खाचेत तार बसवणं. ओडिशात कटकला हाच शब्द नुसत्या चांदीच्या तारांनी विणलेल्या जाळीसारख्या कामाला आहे, तिथे खाली जमीनच नसते. उत्तर प्रदेशात मैनपुरीला लाकडात पितळेची तार बसवतात, तीही तारकशी. तिन्ही ठिकाणचे कारागीर बरोबर आहेत, कारण तिघांच्याही गावात त्या शब्दाचा एकच अर्थ आहे. चूक होते ती शब्द गाव सोडून प्रवासाला निघाला आणि त्याच्याबरोबर गावाचं नाव पाठवलं नाही, तर. ‘तारकशी, बीदरच्या पद्धतीची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार’ असं लिहायला चार शब्द जास्त लागतात, एवढंच.

मुलामा या शब्दाचंही असंच. जुन्या रीतीत सोनं पाऱ्यात मिसळून लेप लावत आणि तापवून पारा उडवत. विजेच्या साहाय्याने सोन्या-चांदीचं पाणी चढवण्याचा धंदा एल्किंग्टन यांच्या १८४०च्या पेटंटनंतर वाढला. दोन्हीला आपण ‘सोन्याचं पाणी दिलेलं’ म्हणतो. पण दुसऱ्या रीतीची वस्तू पेशवाईतली म्हणून कोणी विकायला आणली, तर तिची रीतच तिच्याविरुद्ध साक्ष देते.

असा प्रश्न आज बाजारातही आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडं मठारतात. घडवलेल्या तांब्यावर हातोडीचे लहान लहान ठोके ओळीने देत जातात. त्या ठोक्यांनी चमक येते, पण ते निव्वळ शोभेसाठी नसतात. ठोकल्याने तांबं कडक होतं आणि भांडं पोचत नाही. हल्ली यंत्राच्या ठशात पत्रा दाबून तसेच खळगे उठवलेली भांडीही मिळतात. ‘नक्षीदार तांब्याचं भांडं’ हे वर्णन दोन्हींना लागू पडतं. ‘मठारलेलं’ हे एकालाच. शब्द सैल ठेवला की त्यात नुकसान होतं ते हातोडी चालवणाऱ्याचं.

आता दक्षिणेकडे, दिवेआगरला. तिथला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठीच्या सुरुवातीच्या लेखांमध्ये मोजला जातो. ताम्रपटाबाबत ‘कोरलेला’ हा शब्द नेमका आहे. तिथे तांब्यात छिन्नीने अक्षर पाडलेलं असतं. पण जुने लोक आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे होते. अनेक संस्कृत ताम्रपटांच्या शेवटी दोन वेगळे शब्द येतात: अमक्याने लिखित, तमक्याने उत्कीर्ण. एकाने मजकूर लिहून दिला, दुसऱ्याने तो धातूत उतरवला. म्हणून एखादं अक्षर चुकलेलं दिसलं की अभ्यासकाला विचारता येतं, ही चूक लेखकाची की छिन्नीची? हातांचा हिशेब वेगळा ठेवण्याची ही शिस्त हजार वर्षांपूर्वी इथे होती, आणि तीही सरकारी कागदासारख्या रुक्ष दस्तऐवजात.

त्याच गावात नोव्हेंबर १९९७ मध्ये बागेत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा. ‘सुवर्ण गणेश’ म्हणून तो सगळीकडे माहीत झाला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. मंदिराच्या दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, आणि चोरांनी मुखवटा वितळवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली.

बातम्यांत त्याला बहुतेक वेळा ‘सोन्याची मूर्ती’ म्हटलं गेलं. भक्ताच्या दृष्टीने मूर्तीच, त्यात वाद नाही. पण नोंदीच्या दृष्टीने हिशेब करून बघा. वजन सांगितलं जातं ते सुमारे १३०० ग्रॅम. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. म्हणजे ते सगळं सोनं एकत्र केलं तर आकारमान होतं ६७ घन सेंटिमीटर, चहाच्या लहान कपातही ते मावेल. एवढ्या सोन्याचा भरीव ओतीव गणपती मुठीत झाकला जाईल. तेवढ्याच सोन्याचा पातळ पत्रा केला, राळेवर ठेवला, मागून ठोकून गंडस्थळ आणि सोंड फुगवली, पुढून बारीक ठशांनी डोळे आणि रेषा बसवल्या, तर देवाला शोभेल एवढा मुखवटा होतो. ‘मूर्ती’ आणि ‘मुखवटा’, ‘भरीव’ आणि ‘पत्र्याचा’ हे शब्द म्हणूनच लहान नाहीत.

पोलिसांच्या हाती लागलं ते वितळलेलं सोनं. वितळलेल्या सोन्याचं वजन करता येतं, कस लावता येतो. पण पत्रा किती जाड होता, ठोके मागून होते की पुढून, कान वेगळे करून जोडले होते की एकाच पत्र्यातून काढले होते, सोंडेच्या आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा होत्या का, हे गोळ्याला विचारून उपयोग नाही. वजन आणि कस आगीतून वाचतात, रीत वाचत नाही. ती वाचते फक्त कोणी आधी नीट लिहून ठेवली असेल तर, आणि फोटोंत.

देवस्थानांच्या ज्या जुन्या याद्या मी पाहिल्या, त्यांत नेमकं उलटं असतं. ‘मुखवटा, चांदी, नग १’ आणि पुढे तोळ्यांत वजन. कोकणात शिमग्याच्या पालखीत देवाला रुपं लावतात. ‘रुपं, नग ५’ एवढ्यावर नोंद संपते. ती भरीव चांदीची, पत्र्याची, की लाकडावर पत्रा मढवलेली, याचा पत्ता नसतो. जे वितळल्यावरही मोजता येतं तेवढंच यादीत, आणि जे वितळल्यावर नाहीसं होतं ते यादीबाहेर. दिवेआगरचा मुखवटा सापडला त्याच १९९७ साली चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची एक आंतरराष्ट्रीय नोंदपद्धत जाहीर झाली. तिच्यात साहित्य आणि तंत्र हा वेगळा रकाना आहे. तो सौंदर्याच्या कौतुकासाठी ठेवलेला नाही. हीच ती वस्तू, असं उद्या कोणाला तरी खात्रीने सांगता यावं म्हणून तो आहे.

त्या रकान्यासाठी मी काही साधे नियम पाळतो. आधी हाताचा शब्द लिहायचा, मग डोळ्याचा: ‘ठोकीव, उठावदार’. कामं एकाहून जास्त असतील तर ती ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने. कारागिराचा शब्द मिळाला तर तो लिहायचा, आणि तो कुठला हेही लिहायचं. त्यापुढे तीच गोष्ट साध्या मराठीत सांगायची, म्हणजे तो शब्द उद्या कोणाला कळेनासा झाला तरी वाक्य कळेल. आणि रीत कळली नाही तर ‘कोरलेलं’ म्हणून मोकळं न होता जे दिसतं तेवढंच लिहायचं: ‘अक्षरं वर आलेली, कडा बोथट, मागची बाजू पाहता आली नाही’. अर्धवट वाटली तरी अशी नोंद पुढच्या माणसाला वाट दाखवते.

यासाठी नवे पारिभाषिक शब्द घडवत बसायची गरज नाही. ओताऱ्याने, लोहाराने, तांबटाने, सोनाराने ते कधीच घडवून ठेवले आहेत. एखाद्या गावात गणपतीपूर्वी देवघरातली चांदी घासायला बाहेर निघते. त्या वेळी मुखवटा उलटा करून आतली बाजू पाहायला, फोटो काढायला आणि वहीत ‘पत्र्याचा, मागून ठोकलेला, कान वेगळे जोडलेले’ एवढी एक ओळ लिहायला पाच मिनिटं पुरतात. वजन तर वहीत आधीपासून आहेच.